दहा चित्रांपेक्षा दोन

प्रिय,

डिझाइनच्या संकल्पना शिकताना तू उदाहरणांच्या चित्रांचा जो फोल्डर बनवलास, तो काल सावकाश पाहिला. कॉन्ट्रास्ट (ठळक फरक), अलाइनमेंट (एका रेषेत मांडणी), बॅलन्स (तोल), प्रत्येकाची दहा-दहा चित्रं. मेहनत दिसते. पण ही सगळी चित्रं तोच शब्द सर्चमध्ये टाकून मिळालेली आहेत. म्हणजे निवड आधीच कुणीतरी करून ठेवलेली, तुझ्या डोळ्यांना कामच उरलं नाही.

शिकवण्यासाठी न बनवलेल्या वस्तू घे. औषधांची वेष्टनं, तिकिटं, फॉर्म, मुखपृष्ठं, नकाशे. नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली, एवढंच टिपून ठेव. संकल्पनेचं नाव नंतर दे.

आणि शक्य असेल तिथे जोडी शोध, म्हणजे एकच गोष्ट दोन तऱ्हांनी मांडलेली. माझी आवडती जोडी लंडनच्या भुयारी रेल्वेची आहे. हॅरी बेक हा विजेच्या सर्किटचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ साली तिचा नवा नकाशा काढला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरप्या. स्टेशनांमधली खरी अंतरं त्याने सोडूनच दिली. त्याआधीचा, भूगोल पाळणारा नकाशा शेजारी ठेवून बघ: शहराच्या मध्यात स्टेशनांची नुसती दाटी. गाडी कुठून कुठे जाते हे दोन्हींत सांगितलंय, बेकच्या नकाशात ते पटकन सापडतं. अलाइनमेंट आणि मोकळी जागा काय करतात हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या दोन कागदांनी जास्त शिकवलं.

जोडी मिळाली नाही तर अंगठा वापर. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, १८३१च्या सुमाराची, स्क्रीनवर उघड आणि लाटेखालचा इवलासा फुजी पर्वत झाक. माझी नजर तरी लगेच भरकटते. एवढ्या अजस्र लाटेला तो छोटा, स्थिर त्रिकोण तोलून धरतो. बॅलन्स म्हणजे दोन्हीकडे सारखं वजन नव्हे, हे तिथे कळतं.

कॉन्ट्रास्टसाठी चित्र कृष्णधवल करून बघ. लाल पाटीवरची हिरवी अक्षरं कधीकधी गायबच होतात, कारण रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखाच असतो. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी सुलभतेच्या निकषांत अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ हे प्रमाण मागतात, ते याच उजळपणाचं.

फसलेली उदाहरणंही जमव, ती तुझ्या फोल्डरमध्ये एकही नाही. जवळच्या गोष्टी आपण एकाच गटातल्या मानतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमरने १९२३ मध्ये नुसत्या ठिपक्यांनी दाखवलं होतं. आता असा फॉर्म शोध, ज्यात "नाव" हा शब्द वरच्या आणि खालच्या चौकटीपासून सारख्याच अंतरावर आहे. कुठे लिहायचं? तिथे तुझा पेन जो क्षणभर अडखळेल, त्याचाच फोटो हवा आहे.

पुढच्या वेळी सहाच चित्रं पाठव, तीन जमलेली, तीन बिघडलेली. प्रत्येकाखाली एक ओळ तुझ्या शब्दांत, संज्ञा न वापरता. संज्ञा आपण भेटलो की घालू.

तुझी,
ताई