अँटिट्रस्ट (कंपन्यांमधली स्पर्धा जपणारा कायदा) आणि कमर्शियल लिटिगेशनमध्ये वकील म्हणून करिअर कसं असतं?

कोर्टात रोज जोरदार युक्तिवाद करायचा असं डोक्यात असेल तर आधी सांगतो, सुरुवातीची बरीच वर्षं कागद वाचण्यातच जातात. कार्टेलची, म्हणजे कंपन्यांनी आपसात भाव ठरवल्याची केस असली की त्या कंपन्यांच्या सेल्सवाल्यांचे ईमेल, मीटिंगच्या नोंदी, कोणी कोणत्या तारखेला भाव वाढवला त्याचा तक्ता, हे सगळं एकमेकांशी लावून बघायचं, कारण नुसते भाव एकदम वाढले म्हणून संगनमत सिद्ध होत नाही, आपसात ठरवलं होतं हे दाखवावं लागतं. मला तरी हेच काम सगळ्यात भारी वाटतं.

अर्थशास्त्राचा कंटाळा असेल तर मात्र अवघड आहे. भाव ५ ते १० टक्के वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का, या एका प्रश्नावर मार्केट केवढं धरायचं ते ठरतं आणि कधीकधी अख्खी केस तिथेच फिरते.

कमर्शियल बाजू म्हणजे करारभंग, भागीदारांची भांडणं, अडकलेले पैसे. बरंचसं निकालाआधीच सेटल होतं.

देशाप्रमाणे कामही बदलतं. अमेरिकेत १८९० च्या शर्मन अ‍ॅक्टखाली खाजगी दावा जिंकला तर तिप्पट भरपाई मिळते, त्यामुळे कोर्टातलं काम भरपूर. भारतात २००२ चा स्पर्धा कायदा आहे, तक्रार आधी सीसीआयकडे (भारतीय स्पर्धा आयोग), अपील एनसीएलएटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण), मग सुप्रीम कोर्ट.

कॉलेजात असाल तर कॉम्पिटिशन लॉसोबत पुरावा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया नीट करा, इंटर्नशिपला कोर्टाच्या आणि आयोगाच्या ऑर्डर पूर्ण वाचायची सवय लावा.