चिलखत असूनही माणसं भाजली कशी?

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात मिसिसिपी नदीत लोखंडी पत्र्यांनी मढवलेल्या युद्धनौका होत्या, असं वाचलं. एवढं वजन अंगावर घेऊन त्या उथळ पाण्यात चालत कशा? आणि चिलखत असताना आतले खलाशी मेले कसे?

उत्तर : दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला. माझी तीस वर्षं बॉयलर तपासण्यात गेली, त्यामुळे त्यावर जरा जास्तच बोलेन. पण आधी पहिला.

सॅम्युअल पूक यांनी आराखडा केला आणि सेंट लुई शहराचे जेम्स ईड्स यांनी उत्तरेच्या बाजूसाठी अशा सात नौका बांधल्या. ईड्स पूर्वी नदीतली बुडालेली जहाजं वर काढत, पाणघंटेत बसून स्वतः तळाशी उतरत. नदी त्यांना तळापासून ठाऊक होती. करार ऑगस्ट १८६१चा, आणि जानेवारी १८६२ संपेपर्यंत सातही सेवेत. लांबी १७५ फूट, रुंदी तब्बल ५१ फूट, तोफा १३, आणि पाण्यात बुडायची फक्त सहा फूट. होडी नव्हे, तराफाच म्हणा. त्या सपाट बुडामुळेच वजन पेललं. भिंती तिरप्या, म्हणून लोक त्यांना ‘पूकची कासवं’ म्हणत. नौका पुढे ढकलणारं फळ्यांचं चाक बाजूला न ठेवता मागे, मध्यभागी, भिंतींच्या आत दडवलं होतं. उघड्यावर असतं तर पहिल्या गोळ्यातच निकामी झालं असतं.

पण सहा फुटांचा हट्ट धरला की लोखंड मोजूनमापून वापरावं लागतं. अडीच इंची पत्रा समोर आणि यंत्रांच्या बाजूंना लावला. मागची बाजू जवळजवळ उघडी, डेकवर नुसत्या फळ्या. दक्षिणेचा फोर्ट हेन्री हा किल्ला पाण्यालगत होता, तिथल्या लढाईत हे खपून गेलं. आठवडाभराने, १४ फेब्रुवारी १८६२ला दक्षिणेच्याच फोर्ट डोनेल्सन किल्ल्याच्या तोफा उंच कड्यावरून डोक्यावरच बरसल्या. सातांपैकी एकट्या ‘सेंट लुई’ नौकेला ५९ गोळे लागले. या ताफ्याचे सेनानी अँड्र्यू फूट स्वतः जखमी झाले.

आता बॉयलर. बूड उथळ, म्हणून बॉयलर पुरते पाण्याखाली जात नाहीत. त्यांच्या डोक्यावरचं, तयार वाफ साठवणारं पिंप तर पाण्याच्या बरंच वर. १७ जून १८६२ला व्हाइट नदीवर सेंट चार्ल्सपाशी एक गोळा सातांपैकीच ‘माउंड सिटी’ची डावी भिंत भेदून थेट त्या पिंपात शिरला. दारं-खिडक्या बेताच्या, वाफेला वाट नाही. सुमारे १७५ खलाशांपैकी शंभराहून अधिक दगावले, बहुतेक भाजून. जी बंद पेटी गोळ्यांपासून वाचवायची, तिनेच वाफ कोंडून धरली. पत्रा आणखी जाड केला असता तर नौका तळाला टेकली असती. म्हणून मी पूक यांना फार दोष देत नाही.

जाता जाता एक गंमत, बॉयलरवाल्यांसाठी. ४ एप्रिल १८६२च्या वादळी रात्री ‘कॅरोंडेलेट’ या नौकेला मिसिसिपीतल्या आयलंड नंबर टेन या बेटावरच्या शत्रूच्या तोफांसमोरून गुपचूप निसटायचं होतं. धुराड्यातून जाणाऱ्या वापरलेल्या वाफेचा भकभक आवाज दूरवर ऐकू येई, म्हणून कप्तान वॉक यांनी ती चाकाच्या खोलीत वळवली. आवाज थांबला खरा, पण काजळी ओली ठेवणारी वाफही थांबली. सुकलेल्या काजळीने पेट घेतला आणि ऐन तोफांसमोर धुराड्यांतून ज्वाळा निघाल्या! तरीही नौका सुखरूप पार झाली. अंधारात, विजांच्या लखलखाटात शत्रूच्या तोफचींना नेम साधला नाही.

सातांपैकी ‘केरो’ डिसेंबर १८६२त याझू नदीत पाणसुरुंगाने १२ मिनिटांत बुडाली, पण माणूस एकही गेला नाही. १९६४ साली ती तुकड्यांत वर काढली. आता तिचा सांगाडा व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय लष्करी उद्यानात उभा आहे. तिची छायाचित्रं पाहाल तेव्हा तोफांआधी बॉयलर शोधा. पाण्याच्या रेषेपासून ते किती वर येतात, हे पाहिलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनीच दिसेल.