पावसाळा आला की हे झोपत नाहीत

प्रश्न: 2019 च्या महापुरात आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. दावणीची म्हैस ह्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तेव्हापासून जून लागला की हे झोपत नाहीत. रात्री उठून उठून मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती आहे ते बघतात. पूल ओलांडायला नको म्हणून बाजाराला मला धाडतात. ओल्या चाऱ्याचा वास आला तरी घाम फुटतो. दुकानातून झोपेची गोळी आणून घेतात. लोक म्हणतात, मन घट्ट करा. हे वेड आहे का?
— एक भगिनी, सांगलीवाडी

उत्तर: ताई, हे वेड नाही आणि भित्रेपणा तर मुळीच नाही. तुम्ही लिहिलंय ते पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाच्या धक्क्याने जडणाऱ्या मानसिक आजाराशी जुळतं. नक्की निदान मानसोपचारतज्ज्ञ करतील. जिवावरच्या प्रसंगानंतर असा त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि कामधंदा अडू लागला, तर दाखवायलाच हवं. इतकी वर्षं झाली तरी उपचार लागू पडतात.

पूल टाळला की त्या क्षणी हायसं वाटतं. म्हणूनच टाळायची सवय पक्की होते, आणि पुलावरून सुखरूप जाता येतं हे मनाला कळायची वेळच येत नाही. तुम्ही मायेपोटी बाजार करता, पण आजाराला त्यानेच खतपाणी मिळतं.

उपचारात ही टाळाटाळच हळूहळू मोडतात. थेरपिस्टबरोबर भीतीची यादी करायची, प्रत्येक गोष्टीला 0 ते 100 गुण द्यायचे. नदीचा फोटो 30, पुलाच्या तोंडाशी उभं राहणं 50, चालत पूल ओलांडणं 70, पावसात घाटावर थांबणं 90, अशी. सुरुवात 30-40 च्या पायरीपासून. तिथे भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. बहुधा 30 ते 45 मिनिटं लागतात. तीच पायरी रोज करायची, सोपी झाली की पुढची. गाडं अडतं ते इथे: भीती ऐन भरात असताना माणूस परत फिरतो आणि मन ‘पळालो म्हणून वाचलो’ असं धरून बसतं. त्या रात्रीची हकिगतही थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा सांगावी लागते. तो भाग घरी करू नका. साधारण 8 ते 15 बैठका लागतात. पहिल्या काहींत स्वप्नं वाढू शकतात. नेमके तेव्हाच बरेच जण सोडून देतात, तेवढं सांभाळा. नदी शांत असते त्या हिवाळ्या-उन्हाळ्यात सुरुवात केलेली बरी.

पातळी बघणं पूर्ण बंद करू नका. सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघायची, तीही तुम्ही दोघांनी मिळून. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी. पाणी खरंच चढत असेल तेव्हा सामान-जनावरं हलवणं हा शहाणपणा, आजार नव्हे.

झोपेच्या गोळीने मूळ दुखणं हलत नाही, सवय मात्र लागते. एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतील. गरज पडल्यास ते सर्ट्रालिनसारखं औषध देतात. गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ते बहुधा वर्षभर चालू ठेवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, ती बहुतेकांची जाते.

प्रश्न: दोन आठवड्यांपूर्वी खंबाटकी घाटात मुलाच्या मोटारसायकलचा अपघात झाला. मागे बसलेला मित्र गेला. मुलगा रात्री दचकून उठतो. त्याला सगळं बोलतं करावं का?
— एक वडील, सातारा

उत्तर: खोदून विचारू नका. लगेच सगळं वदवून घेण्याने आजार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. आपणहून बोलला तर मध्ये न तोडता ऐका. पहिल्या महिन्यात दचकणं, स्वप्नं पडणं अनेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. जेवणाखाणाच्या वेळा सांभाळा, दारूपासून लांब ठेवा. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या किंवा गुंगी असेल, तर डोक्याच्या माराची तपासणी आधी. महिन्यानंतरही त्रास राहिला तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. मात्र ‘माझ्यामुळे तो गेला, मी कशाला उरलो’ असं बोलला तर महिन्याची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात टाका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.