नारळ खवायला येतेस का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमधल्या एका लहान शहरात राहतो. मंडळात साठेक कुटुंबं आहेत. गेल्या गणपतीनंतर त्यातलं एक कुटुंब यायचं बंद झालं. नवऱ्याची नोकरी गेली होती, बायको रात्र रात्र जागी असायची, हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं, तेही तिसऱ्याच कुणाकडून. कमिटीत सगळ्यांनाच चुटपुट लागली आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवावं असं घाटतंय. एवढ्यानं काही होईल का?
– एक चिटणीस

उत्तर : व्याख्यान ठेवा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. आमच्या मंडळानं ठेवलं होतं. ऐंशी खुर्च्या मांडल्या, आलो एकोणीस जण, त्यातले अकरा कमिटीतलेच. प्रश्नोत्तरांत एकानं रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं. दुसऱ्याच्या 'एका मित्राला' झोप येत नव्हती. मित्राबद्दल त्यांना भलतंच बारीकसारीक ठाऊक होतं.

सगळं आटोपल्यावर मी हॉलच्या किचनमध्ये मसालेभाताचं पातेलं घासत होते. तळाला भात धरला होता. जिच्याशी तोवर 'काय, कशा आहात' यापलीकडे बोलणं नव्हतं अशी एक बाई ओढणी खोचून शेजारी उभी राहिली. मी घासायचं, तिनं विसळायचं. नळाकडे बघतच म्हणाली, "मला इथे करमतच नाही हो. अकरा वर्षं झाली." पुढे पाऊण तास ती बोलत होती. पातेलं कधीच लख्ख झालं होतं, मी आपली घासत राहिले.

पुढे झिंबाब्वेतल्या आज्यांबद्दल वाचलं तेव्हा ते पातेलंच आठवलं. तेव्हा देशात मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यातले एक, डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांनी २००६ च्या सुमारास हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि आलेला माणूस. आजीनं ऐकायचं, दहा अडचणींतली एक निवडायला लावायची आणि येत्या आठवड्यात तिचं काय करता येईल ते त्याच्याच तोंडून काढायचं. आज्या 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. थोडक्यात, विचार करकरून डोकं शिणलंय. ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांत.

आपल्याकडेही हे झालंय. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था डॉक्टर नसलेल्या माणसांना तयार करून समुपदेशनाला बसवते. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला, पुढे तो गुजरातेत मेहसाण्याला गेला. त्यात गावातलीच माणसं शेजाऱ्यांचं ऐकतात, शिवाय सरकारी योजनांच्या कागदांनाही मदत करतात. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. तुमच्या त्या कुटुंबाला नुसतं सांत्वन काय कामाचं? सीव्ही नीट करून देणारा, व्हिसा नोकरीवर अवलंबून असेल तर वकिलाकडे सोबत जाणारा कुणीतरी हवा.

तेव्हा तुमच्या मंडळात तीन-चार माणसं शोधा. कमिटीतली नकोत. ज्यांना लोक आत्ताही आपणहून फोन करतात ती. सल्ला द्यायची खुमखुमी असलेली तर मुळीच नकोत ("आमच्या वेळी तर इथे कोथिंबीरही मिळत नव्हती" हे वाक्य पेटंट घेतल्यासारखं वापरणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात). एखादा पुरुष जरूर असू दे. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, टेबलं उचलताना, गाडीत सामान भरताना बोलतात. आणि या माणसांना ऐकायचं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण द्या. व्याख्यानाचे पैसे तिकडे वळवलेत तरी चालेल.

खरी अडचण वेगळीच आहे. साठ कुटुंबांचं मंडळ म्हणजे गावच. सकाळी इथे शिंकलं की दुपारी पुण्याहून सासूबाईंचा फोन येतो. लोक गप्प बसतात ते लाजेपेक्षा या धास्तीनं. म्हणून कोण कुणाशी बोललं याची नोंद नको, कमिटीला अहवाल नको, ऐकणाऱ्यानं घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. एकदा जरी फुटलं तरी पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. जमलं तर शेजारच्या शहरातल्या मंडळाशी ऐकणाऱ्यांची अदलाबदल करा.

गुप्ततेला अपवाद एकच, जिवाला धोका. "सगळं संपवावंसं वाटतं" असं कुणी म्हणालं किंवा तसा संशय आला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही. लगेचचा धोका असेल तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर. एरवी एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, १११ हा नंबर लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा. फोनवर ऐकून घेणाऱ्या 'समॅरिटन्स' या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे.

आणि महिनोन् महिने झोप उडालेली असेल तर आपल्या माणसांनी ऐकणं पुरत नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजसाठी (बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी) जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, स्वतःच नाव नोंदवता येतं. जीपीकडे नावनोंदणी मात्र हवी. दुभाषाही मागता येतो, तो जरूर मागा. 'करमत नाही', 'जीव रमत नाही' हे इंग्रजीत सांगायला गेलं की 'झोप कमी, भूक कमी' एवढंच उरतं, आणि बाई रक्त तपासून घरी येते.

राहिलं ते कुटुंब. कमिटीनं मिळून भेटायला जाऊ नका, ती वरात होते. "आम्हाला कळवलं का नाहीत?" असंही विचारू नका. त्यांच्याशी थोडीफार ओळख असलेल्या एकीनंच फोन करावा आणि म्हणावं, "शनिवारी करंज्यांचं सारण करायचंय, नारळ खवायला येतेस का?" नाही म्हणाली तर पुढच्या शनिवारी दुसरं काही काम काढावं. आली तर नारळ जरा जास्तच आणून ठेवावेत.