हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

प्रश्न असा आला आहे : रोमन साम्राज्यातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती संतांची चरित्रे मराठीत आणायची, तर 'मार्टर'ला काय म्हणावे? हुतात्मा, शहीद, की चर्चमध्ये कानावर पडणारा रक्तसाक्षी? शिवाय, पर्पेतुआ ही बाई. तिला 'हुतात्मा' चालेल का?

शेवटचे आधी उरकतो. व्याकरणाने चालेल. पुण्यात्मा, महात्मा बाईलाही लागतात, तसाच हुतात्मा. 'हुतात्मी' नको. आणि भाववाचक नाम हौतात्म्य, 'हुतात्म्य' नव्हे! छापील मजकुरातसुद्धा हे 'हुतात्म्य' इतक्यांदा दिसते की आता हात थरथरतो. ('महात्म्य' लिहिणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे, ते पुन्हा कधीतरी.)

तसेच 'सिंहांपुढे बळी दिलेले ख्रिस्ती' ही रचनाही टाकून द्या. बळीच्या बकऱ्याला कोणी काही विचारत नाही. इथे विचारून विचारून अधिकारी दमत. बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) सुभेदार प्लिनी इ. स. 112 च्या सुमारास सम्राट त्रायानला कळवतो की, 'तू ख्रिस्ती आहेस का?' असे मी आरोपीला विचारतो. हो म्हणाला तर शिक्षेचा धाक घालून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारतो. तरीही हो म्हणाला तरच मारायला पाठवतो. 'नाही' एवढे म्हटले आणि देवांपुढे धूप-मद्य वाहिले की सुटका. सुटकेचा दरवाजा सताड उघडा असताना जो आत बसून राहतो, त्याला बळी कसे म्हणता?

आता हुतात्मा. हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो, आणि देशासाठी प्राण देणाऱ्याला तो शोभतोच. पण फोडून पाहा. 'हु' धातू म्हणजे हवन करणे, अग्नीत आहुती टाकणे. हुत म्हणजे आहुती म्हणून अर्पिलेले. आणि या मंडळींचा गुन्हा काय होता? आहुती द्यायला नकार! इ. स. 203, कार्थेज (आजच्या ट्युनिशियात). पर्पेतुआ बाविशीतली, अंगावर पिणारे मूल असलेली. अधिकारी हिलारियानुस म्हणतो, बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, पोराकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी यज्ञ कर. तिचे उत्तर लॅटिनमध्ये दोन शब्दांचे आहे : 'नोन फाकिओ'. नाही करत. पुढे इ. स. 250 च्या सुमारास देकिउस सम्राटाने तर फर्मानच काढले की प्रत्येकाने देवांना अर्पण करायचे आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर ठरीव : मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो, आताही तुमच्यासमक्ष मद्य ओतले, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी दाखला मिळावा. खाली अधिकाऱ्याची सही. कित्येकांनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. तेव्हा हवन करायला नाही म्हणाली म्हणून जी मेली, तिलाच 'हुत' म्हणायचे, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

यावर पोलिकार्प पुढे करणारे विद्वान भेटतात. स्मिर्नाचा (आजचे इझमिर) हा म्हातारा बिशप दुसऱ्या शतकाच्या मध्यास जाळला गेला. त्याच्या मरणाचा वृत्तान्त सांगणारे पत्र म्हणते की, कळपातून निवडलेल्या एडक्यासारखा तो होमासाठी बांधलेला दिसत होता, आणि ज्वाळांतून ऊद-धुपासारखा वास आला. घ्या, झाला की हुतात्मा! अहो, ही उपमा झाली. नाव नव्हे. त्याच पत्राला त्याच्यासाठी नाव हवे असते तेव्हा ते 'मार्तुस'च (मार्टरचे ग्रीक मूळ) म्हणते. उपमेलाच कोशात बसवू लागलो तर पावाला संत म्हणावे लागेल. कारण तेच पत्र म्हणते की तो भाजणाऱ्या मांसासारखा नाही तर भाजणाऱ्या पावासारखा दिसत होता.

तर मार्तुस. ग्रीकांच्या कोर्टकचेरीतला साधा शब्द, अर्थ साक्षीदार. पवित्र शास्त्रातही आधी तोच अर्थ. प्रेषितांची कृत्ये 22:20 मध्ये दगडमाराने मेलेल्या स्तेफनाला 'साक्षी' म्हटले आहे, तो हाच. मरणाचा अर्थ त्याला नंतर हळूहळू चिकटला. पण मला मोह आहे तो त्याच्या मुळाचा. बरेच व्युत्पत्तिकार तो मूळ भारोपीय (संस्कृत-ग्रीकांची पूर्वज भाषा) 'स्मेर्' धातूकडे नेतात, आणि हा धातू आपल्या घरचा आहे : स्मृ, स्मरति, स्मरण. म्हणजे मार्तुस हा 'स्मर्ता'. लक्षात ठेवणारा, लक्षात ठेवून सांगणारा.

आपला साक्षी मात्र डोळ्यांतून जन्मला. पाणिनीचे सूत्रच आहे : साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम् (5.2.91). प्रत्यक्ष पाहणारा तो साक्षी. आणि इथे ग्रीक शब्द बाजी मारतो असे माझे ठाम मत आहे. पर्पेतुआने काय पाहिले होते? क्रूस उभा राहिला त्याला पावणेदोनशे वर्षे झाली होती. तिने पाहिलेले काही नव्हते. तिच्यापर्यंत पोचलेले तिने धरून ठेवले होते. पोलिकार्पच्या पत्रात त्याच्या अस्थी उचलून नेणारे लोक म्हणतात, दरवर्षी या ठिकाणी जमून याच्या हौतात्म्याचा जन्मदिवस करू, आधी झुंजून गेलेल्यांच्या स्मरणासाठी. (जन्मदिवस! आपण पुण्यतिथी म्हणतो तिला ते जयंती म्हणत.) मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी जे हुतात्मा स्मारक आहे, त्या नावात मार्तुसचा खरा भाऊबंद दुसरा शब्द आहे, पहिला नव्हे.

हा शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्या तरी भाषेतून आला असावा, असे म्हणणारा एक पक्ष आहे. रूपे आडमुठी आहेत, हे खरे. मार्तुस, मार्तुरोस, मधला 'र' कधी दिसतो कधी नाही. पण कुळ लागत नाही असा प्रत्येक ग्रीक शब्द या बेपत्ता भाषेच्या दारात नेऊन सोडायचा, ही पद्धत मला व्युत्पत्ती वाटत नाही, वासलात वाटते.

लॅटिनची गंमत तर कोणी सांगतच नाही. लॅटिनमध्ये साक्षीदाराला चांगला 'तेस्तिस' होता. त्याची फोड 'तिसरा उभा राहणारा' अशी देतात, आपले त्रि आणि स्था. वादी-प्रतिवादी सोडून तिसरा, म्हणजे आपला तिऱ्हाईत. तरी 17 जुलै 180 ला कार्थेजमध्ये स्किली गावच्या बारा ख्रिस्ती लोकांना शिरच्छेदाची शिक्षा झाली तेव्हा, लॅटिन वृत्तान्तात, त्यांच्यातला नार्तझालुस म्हणतो, 'आज आम्ही स्वर्गात मार्तिर आहोत.' ग्रीक शब्दच ठेवला! का? माझा तर्क असा की हा साक्षीदार तिऱ्हाईत नव्हताच; तो स्वतः आरोपी होता. सातुर्निनुस या सुभेदाराने त्यांना विचार करायला तीस दिवस देऊ केले होते, तेही त्यांनी घेतले नाहीत. तिऱ्हाईताने घेतले असते. लॅटिन बायबलात स्तेफनाला 'तेस्तिस' म्हटले आहे हे मला माहीत आहे, कोणी कळवायची तसदी घेऊ नये. भाषांतरकार टेबलाशी बसून शब्द निवडतो. नार्तझालुस कोर्टात उभा होता.

हां, शहीद. 'परका शब्द' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ऐकावे : या तिघांत मार्तुसच्या जवळचा नातलग शहीदच. अरबीत त्याचा मूळ अर्थ साक्षीदार, शहादत म्हणजे साक्ष. सिरियाक (अरबीची एक बहीणभाषा) बोलणारे ख्रिस्ती मार्तुसला 'साहदा' म्हणत, तोही साक्षीदारच, आणि अरबी शब्दाला मरणाचा अर्थ याच वाटेने मिळाला असे अनेक अभ्यासक मानतात. फक्त मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शहीद म्हटले की सीमेवरचा जवान येतो, म्हणून इथे नको. रक्तसाक्षी घ्या. मल्याळममध्ये तो चर्चपासून कम्युनिस्ट पक्षापर्यंत सगळ्यांना पुरतो, मराठीला का पुरू नये?

अडचण येईल ती पुढे. इ. स. 177 मध्ये ल्योंला (आजच्या फ्रान्समध्ये) श्वापदांपुढे टाकून, चटके देऊन परत तुरुंगात आणलेले लोक, कोणी पत्रात 'मार्तुस' लिहिले तर रागावत. ते नाव मेलेल्यांचे, आम्ही नुसते 'होमोलोगोस', म्हणत. होमो म्हणजे आपला सम, आणि लोगोसमागे बोलणे : तेच बोलणारा, विचारले तरी तेच. याला मराठी शब्द काय? 'कबुलीदार' सुचवणाऱ्यांनी एकदा पोलीस चौकीत जाऊन यावे.