फोल्डरचं नाव हीच साइटची ओळख: एका सर्व्हरवर पायथॉनच्या २५ साइट्स

प्रश्न: ताई, माझ्याकडे चार कोअरचा एकच सर्व्हर आहे, त्यावर फ्लास्क आणि जँगो या पायथॉन फ्रेमवर्कच्या मिळून २५ साइट्स, सगळ्या एकाच डोमेनच्या सबडोमेनवर. नवीन साइट आली की एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची जुनी कॉन्फिग फाइल कॉपी करतो, नाव बदलतो, पोर्ट बदलतो आणि रिस्टार्ट मारतो. मागे एका फाइलमध्ये सेमीकोलन राहिला आणि सगळ्याच साइट्स बसल्या. त्याआधी अपाची वेब सर्व्हरवर मॉड-विझ्गी या पायथॉन चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये सगळं एकत्र ठेवलं होतं, तर एका जँगो साइटवर दुसरीचाच डेटा दिसायला लागला म्हणून ते सोडलं. फोल्डर टाकला की साइट चालू, असं करता येतं का?

उत्तर: जवळजवळ येतं. पण आधी ते सेमीकोलनचं बोलू, कारण ते आजच सुधारता येईल. रिस्टार्ट मारू नका, रीलोड करा. रीलोडच्या वेळी फाइल चुकीची निघाली तर एन्जिनएक्स जुनंच कॉन्फिगरेशन धरून चालत राहतो, रिस्टार्टमध्ये मात्र तो आधी बंद होतो आणि मग चुकीच्या फाइलवर उठतच नाही. रीलोडच्या आधीही डॅश टी (nginx -t) देऊन टेस्ट करायची सवय लावा.

आता डेटा मिसळला त्याचं. जँगोच्या विझ्गी फाइलमध्ये (वेब सर्व्हर साइट जिथून लोड करतो ती) सेटिंग्जचं नाव एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकणारी जी ओळ असते ती सेटडीफॉल्ट वापरते, म्हणजे आधी काही नसेल तरच टाक, त्यामुळे एकाच प्रोसेसमध्ये दोन साइट्स असल्या की जी आधी लोड झाली तिचीच सेटिंग्ज सगळ्यांना लागतात आणि डेटाबेसही अर्थात तिचाच. ती ओळ बदलून प्रश्न सुटतो, पण माझं मत विचाराल तर प्रत्येक साइटला स्वतःची प्रोसेस, स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉन लायब्ररींचा वेगळा संच) आणि स्वतःचा लिनक्स युजर द्याच. एक साइट कोसळली किंवा हॅक झाली तर बाकीच्या २४ जणींनी त्याची किंमत का मोजायची?

मग हे सगळं बांधायचं कसं, तर एका नावाने. समजा साइटचं नाव दुकान आहे. फोल्डरचं नाव तेच, युजर तोच, सॉकेट फाइल (जिच्यातून एन्जिनएक्स साइटच्या प्रोसेसशी बोलतो ती) त्याच नावाची आणि सबडोमेनही तेच. पोर्ट नंबर विसरून जा, कुठला पोर्ट कुणाचा हे लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. डीएनएसमध्ये एक वाइल्डकार्ड रेकॉर्ड टाका, म्हणजे सगळी सबडोमेन याच सर्व्हरकडे येतील. एन्जिनएक्समध्ये एकच सर्व्हर ब्लॉक ठेवा, त्याच्या सर्व्हर नेममध्ये टिल्डने (~) सुरू होणारा रेजेक्स, म्हणजे नाव जुळवायचा पॅटर्न, लिहा आणि सबडोमेनचा तुकडा नेम्ड कॅप्चरमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या व्हेरिएबलमध्ये, पकडा, मग प्रॉक्सी पासमध्ये (रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत) तेच व्हेरिएबल युनिक्स सॉकेटच्या पाथमध्ये वापरा आणि स्टॅटिक फाइल्सच्या रूटमध्येही. रेजेक्समध्ये फक्त लहान अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालू द्या, काहीही चालेल असा ढिला पॅटर्न ठेवू नका कारण बाहेरून आलेलं नाव तुम्ही थेट फाइलच्या पाथमध्ये घालताय. महिरपी कंस वापरलात तर अख्खा रेजेक्स अवतरणचिन्हात ठेवा, नाहीतर एन्जिनएक्सला वाटतं ब्लॉक सुरू झाला. जे नाव कशातच बसत नाही त्याच्यासाठी डीफॉल्ट सर्व्हर ठेवून ४४४ द्या, तो उत्तर न देता कनेक्शन बंद करतो. आणि होस्ट हेडर (रिक्वेस्ट कुठल्या डोमेनसाठी आहे ते सांगणारा) पुढे पाठवायला विसरू नका, नाहीतर जँगोची अलाउड होस्ट्सची यादी ४०० देऊन परत पाठवेल.

मागची बाजू सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा) टेम्पलेट युनिटवर सोडा. ज्या युनिटच्या नावात टिंबाच्या आधी ॲट (@) येतं ते टेम्पलेट, आणि आत टक्का आय (%i) लिहिलं की तिथे साइटचं नाव बसतं. एक सर्व्हिस फाइल, एक सॉकेट फाइल, बास, २५ साइट्सना त्या दोनच. सॉकेट सिस्टमडीने धरलेला असतो त्यामुळे पहिली रिक्वेस्ट आली की गनिकॉर्न (पायथॉन साइट चालवणारा सर्व्हर) उठतो, आणि कोड बदलून सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी रिक्वेस्ट रांगेत थांबतात, ५०२ (मागून नीट उत्तर न आल्याची एरर) दिसत नाही. नवीन साइट म्हणजे युजर, फोल्डर, एन्व्हायर्नमेंट आणि सॉकेट चालू करायची एक कमांड, एन्जिनएक्सला हातही लावायचा नाही. ती एक कमांड उरते ते मला बरंच वाटतं, फोल्डर दिसला म्हणून कोड आपोआप चालायला लागणं मला तरी नको. तुम्ही म्हणता तसं अगदी आपोआप हवं असेल तर यूविझ्गी या गनिकॉर्नसारख्याच सर्व्हरचा एम्परर मोड तेच करतो, फोल्डरवर नजर ठेवतो, कॉन्फिग फाइल आली की साइट उठवतो, फाइल टच केली की रीलोड, काढली की बंद. पण तो प्रोजेक्ट आता मेंटेनन्स मोडमध्ये आहे म्हणून नव्याने त्यावर उभं करू नका, आधीपासून चालू असेल तर उगाच काढायचीही घाई नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. गनिकॉर्नसाठी कोअरची दुप्पट अधिक एक एवढे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस), हा आकडा तुम्ही वाचला असेल, पण तो अख्खा सर्व्हर एकाच ॲपला द्यायचा असेल तेव्हाचा. तुमच्या चार कोअरला ९ येतात, गुणिले २५ म्हणजे २२५ प्रोसेस, आणि प्रत्येक जण अख्खं ॲप मेमरीत घेऊन बसणार. कमी ट्रॅफिकच्या साइटला एक वर्कर आणि चार थ्रेड पुरतात. टेम्पलेटमध्ये मेमरी मॅक्सची मर्यादाही घाला, म्हणजे एकीने सगळी रॅम खाल्ली असं होणार नाही.

प्रश्न: माझा साधारण असाच सेटअप आहे, पण नवीन साइटवर ५०२ येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: एन्जिनएक्सच्या एरर लॉगपासून, तिथे कंसात एक आकडा असतो. २ म्हणजे त्या पाथवर सॉकेट फाइलच नाही, बहुतेक नाव चुकलंय किंवा सॉकेट युनिट चालू केलं नाही. १३ म्हणजे परवानगी नाही, सॉकेट युनिटमध्ये ग्रुप एन्जिनएक्सचा द्या आणि मोड ०६६०, वैतागून ०७७७ करू नका. १११ म्हणजे फाइल आहे पण ऐकायला कुणी नाही, जुनी फाइल पडून राहिलीय. आकडा नाही आणि अपस्ट्रीमने (मागच्या गनिकॉर्नने) कनेक्शन मध्येच तोडलं असं लिहिलंय, तर वर्कर मेला, मग जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग, बघा, मेमरी संपली असेल किंवा गनिकॉर्नचा ३० सेकंदांचा डीफॉल्ट टाइमआउट लागला असेल.

प्रश्न: इतक्या सबडोमेनना एसएसएल वेगवेगळं घ्यायचं का?

उत्तर: नको, सगळ्या सबडोमेनना चालणारं एक वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्या. मोफत सर्टिफिकेट देणारी लेट्स एनक्रिप्ट ही सेवा ते २०१८ पासून देतं, फक्त पडताळणी डीएनएसमधूनच करावी लागते, त्यामुळे ज्याच्या डीएनएसला एपीआय आहे असा प्रोव्हायडर असला की नूतनीकरण आपोआप होतं. वाइल्डकार्ड एकाच पातळीला लागू होतं, सबडोमेनच्या आतल्या सबडोमेनला नाही, आणि मूळ डोमेनचं नाव वेगळं जोडावं लागतं. लोक स्वतःची डोमेन आणणार असतील तर एन्जिनएक्स १.१५.९ पासून सर्टिफिकेटच्या पाथमध्येही व्हेरिएबल चालतं, पण मग प्रत्येक हँडशेकला (नवीन सुरक्षित कनेक्शन जुळताना) फाइल वाचली जाते आणि प्रायव्हेट की वर्कर प्रोसेसला वाचता यावी लागते, म्हणून गरज असेल तरच.