जुन्या मल्याळम 'ए' सिनेमांची खरी गोष्ट

तुम्ही विचारलंय, की मल्याळममध्ये पूर्वी 'तसलेच' सिनेमे जास्त निघायचे का, आणि हे सुरू कुठून झालं.

जास्त निघायचे असं नाही. आपल्याकडे मॉर्निंग शोची पोस्टरं बघून तसा समज झाला. माझाही होता, 'अवळुडे रावुकळ' मूळ मल्याळममध्ये पाहीपर्यंत. आय. व्ही. शशी यांचा हा १९७८चा सिनेमा. नावाचा अर्थ 'तिच्या रात्री'. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी शरीर विकणारी राजी अभिनेत्री सीमाने अशी उभी केलीय, की तिची दया येत नाही, तिच्याबद्दल आदर वाटतो. हाच सिनेमा हिंदीत डब होऊन 'हर नाइट्स' नावाने आला आणि प्रेक्षक भलत्याच अपेक्षेने आत शिरले. त्याच वर्षी भरतन यांचा 'रतिनिर्वेदम्' आला, पद्मराजन यांच्या कथेवरचा. हे दोन्ही कसलेल्या दिग्दर्शकांचे सिनेमे आहेत, त्यांना पुढच्या लाटेत मोजू नका.

ती लाट आली पी. चंद्रकुमार यांच्या 'आद्यपापम्'मुळे, १९८८ साली. आदम-हव्वेची गोष्ट, खर्च थोडा, गल्ला मोठा. मग तशा सिनेमांची रीघ लागली.

इथे एक शब्द कळायला हवा: 'तुंडु'. म्हणजे आपला तुकडा. सेन्सॉरने पाहिलेला सिनेमा एक आणि थिएटरात दिसणारा दुसरा, कारण वेगळी चित्रित केलेली रिळं प्रोजेक्टरच्या खोलीत मध्येच जोडली जात. त्या तुकड्याचा कथेशी संबंध नसे, कधीकधी पडद्यावरच्या नटीशीही नसे. तरी प्रेक्षक त्याचीच वाट बघत बसायचे. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. फसवणूक वितरक आणि थिएटरवाल्यांची, नाव मात्र खराब झालं बाईचं.

२०००च्या 'किन्नारतुंबिकळ'नंतर त्यातल्या नटी शकीला यांच्या नावावर थिएटरं भरू लागली. बड्या नायकांच्या सिनेमांना धडकी भरावी इतकी. पुढे सीडी आणि इंटरनेट आलं आणि दोन-चार वर्षांत हा धंदा बसला. डमी वापरून घेतलेली दृश्यं आपल्या नावावर खपवली, असं शकीला यांनी नंतर सांगितलं. २०१३मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, तेही मल्याळममध्ये, जी त्यांची मातृभाषा नव्हे.